ट्रूडीच्या उपवासाचा अहवाल

पाळलेला साप जेवेनासा झाला, तर दोष सापाचा कधीच नसतो. तो पाळणाऱ्याचा असतो, आणि शोधून काढायला समिती लागते. आमच्या गावच्या सर्पपालक मंडळाची (नोंदणीकृत, सभासद सत्तावीस, साप एकशे चार) अशी आहार समिती आहे. मी तिचा चिटणीस. गेल्या अकरा वर्षांत समितीची एकही बैठक रद्द झालेली नाही, यावरून कामाची कल्पना यावी.

एगॉन ब्रेमर खरं तर आमचे सभासद नव्हतेच. सभासद होती त्यांची बायको, इर्मगार्ड. ऑक्टोबरात ती वारली आणि तिची ट्रूडी, म्हणजे घाबरली की अंगाचा चेंडू करून बसणारी आफ्रिकी अजगरीण, नवऱ्याकडे राहिली. त्याच आठवड्यापासून ट्रूडीने अन्न सोडलं. आमचा नियम चौदा असं सांगतो, की एकशे ऐंशी दिवस साप जेवला नाही तर तो अनुभवी सभासदाच्या हवाली करावा. अनुभवी सभासद म्हणजे अध्यक्षा गुंडुला हास. (त्यांच्याकडे एकतीस साप आहेत. सगळे वेळेवर जेवतात. न जेवण्याची कोणाची टाप नाही.)

समितीचे आम्ही तिघे दर गुरुवारी दुपारी ब्रेमरसाहेबांकडे जाऊ लागलो. पहिल्याच भेटीत हासबाईंनी नियम वाचून दाखवला. ब्रेमरसाहेबांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"बाई, तिला नेऊ नका," ते म्हणाले. "ती गेली तर या घरात इर्मगार्डचं असं काही उरणार नाही."

नियमात भावनांची तरतूद नसल्यामुळे हे आम्ही 'इतर' या सदरात नोंदवलं.

उपाय सगळे झाले. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात मऊ केला, केस वाळवायच्या यंत्राने ऊबदार केला, चिमट्यात धरून जिवंत असल्यासारखा नाचवला. पांढरा चालेना म्हणून करडा आणला. लपायला दुसरं मडकं ठेवलं, तिच्या काचेच्या पेटीला टॉवेल गुंडाळला, आणि टॉवेलामुळे दिसेना म्हणून तो काढला. मग आम्ही चौघं काचेला नाक लावून बसायचो आणि ट्रूडी तोंड फिरवायची. भेटी पंचवीस, उंदीर पंचवीस, खाल्ले शून्य. वजन १,६४० ग्रॅमवरून १,६१२ वर आलं. अठ्ठावीस ग्रॅम म्हणजे काय खेळ झाला? हासबाईंची झोप उडाली.

इर्मगार्डची पद्धत म्हणून ब्रेमरसाहेब आमच्यासाठी सफरचंदाचा केक मांडत. ताटल्या चार. तीन आमच्या; चौथी स्वच्छच परत जाई (धुण्याचा त्रास वाचे). कमरेच्या पट्ट्याला ते स्वतः खिळ्याने नवी भोकं पाडत होते. नाताळापर्यंत चार झाली. ती एका रेषेत नव्हती, आणि हे हासबाईंनी त्यांना बोलून दाखवलं. फेब्रुवारीपासून पेटीपुढे गुडघ्यांवर बसलेले ब्रेमरसाहेब आधाराशिवाय उठेनात. इतिवृत्तात 'चार मिनिटं विलंब' अशी नोंद आहे.

एकशे ऐंशीवा दिवस गुरुवारीच आला. हासबाई साप न्यायची कापडी पिशवी घेऊन आल्या होत्या. ब्रेमरसाहेब म्हणाले, एकदा शेवटचं बघतो. एका हातात चिमटा, एका हातात केस वाळवायचं यंत्र, अशा अवस्थेत ते पेटीपुढे आडवे झाले. उंदीर आत पडला. आम्ही तिघेही त्यांच्याकडे धावलो (यंत्र चालू होतं, गालिचा जळाला असता). पंचवीस आठवड्यांत पहिल्यांदाच ट्रूडीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि तेवढ्यात तिने उंदीर गिळून टाकला.

"खाल्लं का हो तिने?" ब्रेमरसाहेबांनी जमिनीवरूनच विचारलं.

"खाल्लं," हासबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "राहू दे तिला इथेच."

पिशवीची घडी झाली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण नियम सहा असा, की जेवलेल्या सापाला अठ्ठेचाळीस तास त्रास देऊ नये. खोलीत वर्दळ नको, आवाज नको. माणूस उचलायचा म्हणजे दोन्ही आलं. ब्रेमरसाहेबही म्हणाले, राहू दे, मी पडतो इथेच जरा. आम्ही उरलेला केक संपवला, दिवा मालवला आणि दार हळूच ओढून घेतलं.

शनिवारी टपालवाल्याने रुग्णवाहिका बोलावली. ब्रेमरसाहेबांना आता रुग्णालयात नळीने भरवतात. ट्रूडीला हासबाईंनी नेलं; ती दर गुरुवारी जेवते आणि १,७०५ ग्रॅम भरते. अहवालाच्या नमुन्यात पाळणाऱ्याच्या वजनाचा रकाना असावा, अशी सूचना मी केली होती. ती पुढच्या वर्षी विचारात घेतली जाईल.

हा अहवाल मी बऱ्याच ठिकाणी वाचला आहे. साप जेवला तिथे ऐकणाऱ्यांना हटकून हायसं वाटतं. तुम्हालाही वाटलं असेल. आणि वर तुम्ही म्हणाल, तो बिचारा माणूस जेवत नाहीये हे आमच्या मधेच लक्षात आलं होतं.

आलं असेल. आमच्या तिसऱ्याच गुरुवारी आलं होतं.