बेंबी बसवणाऱ्याचं पोट

राणीसावरगावात कुणाचं पोट दुखलं की चंद्रभानरावांना बोलावणं यायचंच. पोटावर पेटती पणती ठेवायची, वर तांब्या उपडा घालायचा, की सरकलेली बेंबी जागेवर! मोबदला म्हणाल तर कपभर चहा. गावात त्यांचं तेवढंच एक नाव होतं, आणि ते त्यांनी जिवापाड जपलं होतं.

त्यामुळे स्वतःच्याच ओटीपोटात उजवीकडे कळ उठली, तेव्हा मोठी पंचाईत झाली. तीन दिवस त्यांनी दार लावून आपल्याच पोटावर तांब्या बसवला. चौथ्या दिवशी बायकोनं, केशरबाईनं, पिशवी हातात दिली. बियाणं बघायला जातो असं गावात सांगत ते परभणीला दवाखान्यात निघाले.

डॉक्टरांनी पोट दाबून एकदम सोडलं, लघवीला जळजळ होते का विचारलं. अपेंडिक्स असेल, खडा असेल, हर्निया असेल, नाहीतर लघवीतला जंतुसंसर्ग. रक्त-लघवी तपासू आणि सोनोग्राफी करू म्हणाले. त्यासाठी लिटरभर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची. बेंबीचा विषयही निघाला नाही, याचं चंद्रभानरावांना वाईट वाटलं.

पाणी पिऊन ते बाकावर अवघडून बसले, तर शेजारी गावातल्याच कस्तुराबाई! गेल्याच आठवड्यात त्यांची बेंबी बसवून, आता वर्षभर काळजी नाही असं सांगून चंद्रभानराव चहा पिऊन आले होते. बाईंच्या हातातही रिकामी बाटली होती.

"तुमी हितं कसं काय, भाऊ?"

"पेशंट घेऊन आलोय," चंद्रभानरावांनी ठोकून दिलं.

तेवढ्यात नर्सनं बारा नंबर पुकारला. तो त्यांचाच होता. पण उठणार कसे? पेशंट बाहेर गेलाय, आधी या बाईंना घ्या, असं त्यांनी सांगून टाकलं.

बाई तपासून आल्या. जंतुसंसर्ग निघाला होता. आता जातील असं वाटलं, तर भाऊंनी आपला नंबर दिला म्हणून त्या सोबतीला बसल्या. त्यांच्या पेशंटला भेटूनच जाणार होत्या. तासभर त्या बोलत राहिल्या आणि चंद्रभानराव पायावर पाय घट्ट दाबून हूं हूं करत राहिले. शेवटी मात्र नावापेक्षा लघवी मोठी ठरली.

"बाई, पेशंट मीच हाय. सरका आता."

चार मिलिमीटरचा खडा निघाला. भरपूर पाणी प्यायल्यावर पडून जाईल म्हणे. ऑपरेशन टळलं, पण आता दारात कुणी येणार नाही या विचारानं त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाई चार बायका घेऊन दारात हजर.

"ह्यांची बी पोटं दुखायलीत, भाऊ. तुमाला समदं ठावं हाय, तर परभणीला तुमीच घेऊन चला. पाणी पिऊनच निघालोत."

परभणीची बस तासाभरानं होती, आणि पुढं दोन तासांचा रस्ता.