ताम्हणेकाका लादी बघतात

ताम्हणेकाका कुठलीही वस्तू घरात घेण्याआधी तिला टिचकी मारतात आणि कान देऊन ऐकतात. कलिंगडाला सगळेच मारतात. काका साबणाच्या वडीला मारतात, गॅसच्या सिलिंडरला मारतात, दिवाळीत आलेल्या मिठाईच्या खोक्याला मारतात. सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांनी प्रसादाच्या द्रोणाला टिचकी मारलेली मी पाहिली आहे. गुरुजी पळी हातात धरून बघतच राहिले. काका म्हणाले, "तपासून घेतो. राग मानू नका."

काकांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली. ट्रक आला की पोत्यात सळई खुपसायची आणि ड्रायव्हरला म्हणायचं, "वर काय आहे ते दिसतंय. आत काय आहे ते सांगा." पुढे जकात गेली, नाका गेला, काका निवृत्त झाले. संशय तेवढा नोकरीवर राहिला. आता तेच वाक्य ते दूधवाल्याला आणि कुरिअरवाल्याला ऐकवतात. त्यांच्या जावयालाही पहिल्या भेटीत हेच विचारलं होतं, असं म्हणतात. जावई अजून त्यांच्यासमोर जरा अवघडून बसतो.

कोपरला त्यांची बिल्डिंग आणि आमचं गावठाणातलं घर यांच्यामध्ये एक भिंत आहे. बाबा खाडीत मासेमारी करतात, आई मच्छी विकते. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे विजेच्या बिलापासून रक्ताच्या रिपोर्टपर्यंत काहीही असलं की लोक माझ्याकडे येतात. मला बऱ्याचदा येत नसतं, पण नाही म्हणवत नाही.

एके सकाळी काकांनी भिंतीवरून हाक मारली. "हर्षदा, तू झूलॉजी घेतलंयस ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी कॉलेजचं ओळखपत्र मागितलं. मी आणून दिलं. बराच वेळ ते एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते.

"यात केस मोकळे आहेत," काका म्हणाले. मग झूलॉजीत पक्षी येतात का, हेही विचारून घेतलं, आणि मग काम सांगितलं.

त्यांच्या तळमजल्याच्या घरामागे जाळीचा पिंजरा आहे. पिंजरा कसला, माणूस आत उभा राहून फिरू शकेल अशी खोलीच. त्यात लव्हबर्ड आहेत. पाखरं काकूंची. काकांना त्यांच्याबद्दल काडीचंही प्रेम नव्हतं. ते त्यांना 'ती मंडळी' म्हणत, आणि ती मंडळी सकाळी ओरडायला लागली की कानावर उशी घेत. शैलाकाकू पावसाळ्यापासून टेंभी नाक्याला लेकीकडे होत्या. पाय दुखतो म्हणून विश्रांतीला, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

"ती नवरात्राच्या आत येणार," काका म्हणाले. "नवरात्रात टेंभी नाक्याला स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. त्याआधी पिंजऱ्यातली जमीन बदलून व्हायला हवी. आताचा सिमेंटचा कोबा चालणार नाही."

मी विचारलं, का चालणार नाही. ते म्हणाले, चालणार नाही म्हणजे नाही.

आता संशय काय फक्त काकांनाच येतो असं नाही. आईला वाटलं, काकू भांडून गेल्या. "बायको गेली लेकीकडं नि ह्यो पाखरांना लाद्या बशवतंय," ती म्हणाली. सोसायटीच्या चेअरमनना तर पहिल्या दिवसापासून वेगळाच वास आला. काका पहार घेऊन स्वतः कोबा फोडायला लागले, तेव्हा चेअरमन आमच्या दाराशी येऊन हळूच म्हणाले, "जकातीतला माणूस आहे. खाली काय पुरलंय कोण जाणे." मी भीत भीत म्हटलं की ते लादी बसवणार आहेत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझाही त्यात वाटा असावा.

मी मात्र मनापासून अभ्यासाला लागले. पक्ष्यांच्या पिंजऱ्याची जमीन कशी असावी यावर लायब्ररीत काही सापडेना. मग मोबाइलवर वाचलं, आमच्या मॅडमना विचारलं. जमीन धुता यायला हवी, पाणी साचायला नको, उंदरांना खालून पोखरता यायला नको. लाकडाचा भुसा आमच्याकडच्या दमट हवेत बुरशी धरतो, म्हणून तो मीच बाद केला. वाळू चांगली, असं वाचलं होतं. बाबांनी खाडीतली वाळू गोड्या पाण्यात धुवून, उन्हात वाळवून घमेलंभर दिली. काकांनी ती पिठाच्या चाळणीने चाळली. शिंपल्याचा एक कपचा निघाला. तो चिमटीत धरून त्यांनी आधी उजेडाकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि घमेलं परत दिलं. बाबा रात्री जेवताना म्हणाले, खाडीत शिंपला नाही तर काय सुपारी मिळणार?

प्लास्टिकच्या हिरवळीचा तुकडा नेला. "मुळं नाहीत आणि हिरवं आहे," काका म्हणाले. "याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

मग मी तारेच्या जाळीची जमीन सुचवली. घाण खाली पडते, पाखरं स्वच्छ राहतात, साफसफाई सोपी. मला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला होता. काकांनी जाळीचा तुकडा विटांवर ठेवला आणि मला म्हणाले, चपला काढून उभी राहा. मी उभी राहिले आणि लगेच उडी मारून उतरले.

"बघ," ते म्हणाले.

"पण काका, पाखरं दांडीवर बसतात. खाली कितीशी येतात?"

ट्रकवाल्याने न विचारता चहा पुढे केला की जकातीतला माणूस त्याच्याकडे जसा बघत असेल, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता मात्र मलाही संशय यायला लागला. पाखरांसाठी एवढं कोण करतं? आणि तेही कानावर उशी घेणारा माणूस?

शेवटी आम्ही शीळ रोडला लाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चकचकीत लादी पुढे केली, त्यात त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता. काकांनी टिचकी मारली, कान दिला आणि ती बाजूला सारली. मग एकेक नमुना जमिनीवर मांडायला लावला. चपला काढल्या, डोळे मिटले आणि एकेका लादीवर उभे राहिले. एक गिऱ्हाईक बाई हात जोडायच्या बेतात होत्या. मग काकांनी पाण्याची बाटली काढून लादीवर ओतली आणि ओल्यावर पाय घासून पाहिला. मग खिशातून पाखरांचे राळे काढले, लादीवर पसरले आणि लांब जाऊन दिसतात का ते बघितलं.

दुकानदार घामाघूम झाला होता. "काका, लादी घेताय की जावई बघताय?"

"जावई बघताना एवढं बघितलं नव्हतं," काका म्हणाले. "ती चूक झाली."

दुकानदाराने शेवटचा उपाय म्हणून फुलाफुलांची लादी काढली. काका म्हणाले, "डिझाइन म्हणजे लपवायची जागा." घेतली ती साधी, पांढुरकी, खरखरीत आणि बिनचमकीची. तिच्यावर मुंगी आली तरी दिसावी अशी. कोपरे सगळे अंगठ्याने चाचपून, दोन लाद्या बदलून घेतल्या.

लादी बसली. गवंडी गेल्यावर काकांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, दोरीला बांधलं आणि गुडघ्यांवर बसून ते सगळ्या जमिनीवरून फिरवायला लागले. एक कोपरा झाला की दुसरा. चेअरमन गॅलरीतून वाकून बघत होते. मी चेअरमनना म्हटलं, लोहचुंबकाला सोनं चिकटत नाही. ते म्हणाले, "तेच तर. त्यालाही हे माहीत असणार."

चुंबकाला तारेचे दोन तुकडे लागले. काकांनी ते कागदात गुंडाळले, खिशात ठेवले, आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी काकू रिक्षातून उतरल्या. बारीक झाल्या होत्या, पण हसत होत्या. हातात काठी, पायात डॉक्टरांनी दिलेल्या जाड रबरी चपला. डाव्या पायाची करंगळी नव्हती. मी बघतच राहिले, तर त्याच म्हणाल्या, "गेली बाई. करंगळी तर करंगळी, पाय तर राहिला."

चहासुद्धा न घेता त्या मागे पिंजऱ्याकडे निघाल्या. दाराशी काठी टेकवली, चपला काढल्या आणि नीट जोडून ठेवल्या.

"काकू, चपला असू देत ना," मी म्हणाले.

"दाणे पडलेत गं खाली. अन्नावर चपला घालून कसं जायचं?" असं म्हणून त्या आत गेल्या. पाखरं एकदम खांद्यावर, डोक्यावर, हातावर. काकू त्यांच्याशी बोलत पांढुरक्या लादीवरून हळूहळू फिरायला लागल्या.

मी काकांकडे वळले. ते पाखरांकडे बघत नव्हते. त्यांची नजर काकूंच्या पावलांवर होती, आणि काकू पाऊल टाकणार त्याच्या आधी तिथे पोचत होती.

"साखर आहे तिला," काका म्हणाले. "तळव्यांना काही कळत नाही. जाळीच्या तारेचा तुकडा घुसला होता, त्या जुन्या कोब्यावर. तशीच दोन दिवस चालत होती. मी रोज समोर बसायचो. माझ्याही लक्षात आलं नाही."

मी विचारलं, "काका, मग तुम्ही काकूंना आत चपला घालायला का नाही सांगत? तुमचं त्या ऐकतील."

"ऐकेल ना," ते म्हणाले. "चपला घालेल. आणि मग आत जायची नाही."

काकू बाहेर आल्या. काकांनी आधीच स्टूल आणून ठेवलं होतं. त्या बसल्या तसे ते खाली बसले, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. तळव्यावरून अंगठा फिरवत टाचेपर्यंत गेले, बोटांच्या बेचक्यांत बघितलं, पाय उजेडाकडे वळवला. काकूंना लाज वाटली असावी. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "अहो, पोरगी उभी आहे. नाहीये काही. एवढी नवी कोरी लादी."

मी येते म्हणाले. काकांना ऐकू आलं नसावं. त्यांनी दुसरा पाय मांडीवर घेतला होता.