सासूबाईंचा हंडा आणि लाल दाढी

"या उत्सवात पहिल्या रांगेतलं एक पोर जरी रडायचं राहिलं, तर नाव बदलेन!" कुंजुण्णीने चहाच्या दुकानात छाती ठोकून सांगितलं.

आयुष्यभर कथकलीत सोज्वळ ऋषी रंगवलेल्या कुंजुण्णीला त्याच्या गुरूंनी, आशाननी, त्या वर्षी प्रथमच लाल दाढीचा दुष्ट राक्षस दिला होता. "पण डरकाळी हवी," आशान म्हणाले. "नाही जमली, तर पुन्हा ऋषी. कायमचा!"

सराव घरीच सुरू झाला. घर अर्थात बायकोच्या आईचं. पहिल्याच डरकाळीला गाईने लाथ झाडून दूध सांडलं.

"जावईबुवा," अम्मिणी अम्मा म्हणाल्या, "या घरात ओरडायचं असलं, तर मी ओरडेन."

"हो, अम्मा."

मग तो त्यांचा पितळी हंडा घेऊन ओढ्यावर जाऊ लागला. हंड्यात तोंड घालून डरकाळी दिली, की असा घुमारा उठे की बायका धुणं टाकून पळत! हंड्याविना मात्र आवाज घशातच बसे, थेट ऋषीसारखा.

उत्सवाच्या दिवशी कुंजुण्णीने तासन् तास रंगाऱ्यापुढे उताणं निजून चेहरा रंगवून घेतला. डोळे लाल केले, दाढी बांधली आणि पडद्यामागे उभा राहिला, गुपचूप हंडा घेऊन! चेंडे, ते देवळातले ढोल, कडाडले. डरकाळी घुमली. पोरांनी भोकाड पसरलं. आशान खुशीत मान डोलवू लागले.

आणि पडदा धरणाऱ्यांनी पडदा खाली घेतला! राक्षसाच्या मिठीत हंडा, हंड्यावर कोरलेलं सासूबाईंचं नाव.

"अगं बाई, माझा हंडा!" अम्मा पहिल्या रांगेतून उठल्या. "सकाळपासून शोधतेय मेला!"

रडणारी पोरं खिदळू लागली. अम्मांनी पुढे होऊन हंड्याची कड धरली. आशाननी कपाळाला हात लावला. संपलं! ऋषी, कायमचा!

लग्नापासून गिळलेले सगळे "हो, अम्मा" कुंजुण्णीच्या पोटात एकदम उसळले. त्याने हंडा सोडला, तोंड उघडलं, आणि अशी डरकाळी फुटली की देवळाच्या हत्तीने झावळी टाकली! पोरं आयांच्या कुशीत शिरली. अम्मा हंड्यासकट मटकन खाली बसल्या.

"घाबरले नाही हं मी," घरी जाताना हंडा कडेवर घेऊन त्या म्हणाल्या. "गुडघा आखडला होता."

"हो, अम्मा."

त्यानंतर लाल दाढी म्हटली की कुंजुण्णीच. त्याची अट एकच: समोर सासूबाई हव्यात. त्याही हौसेने जात.

"जायला नको? घरातली भांडी कुठे कुठे फिरतात, ते कोण बघणार?"