चुकीच्या उत्तराची तालीम

नाटकानं आजवर कोणाचंही भलं झालेलं नाही, हे पिंपळटोलीच्या शाळेचे मुख्याध्यापक शालीकराम संग्रामे सर यांचं मत नव्हतं, सिद्धांत होता. मत माणूस बदलू शकतो. सिद्धांत फळ्यावर चौकट आखून लिहायचा असतो!

हा सिद्धांत दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात मांडला असता, तर लोकांनी माना डोलावल्या असत्या. पण सरांनी तो मांडला गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या बाजूच्या गावात! इकडं दिवाळी सरते, धानाची कापणी उरकत येते आणि गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे दुपारी जत्रा, रात्रभर नाटक आणि घरात मावणार नाहीत इतके पाहुणे. सोयरिकीच्या बोलणीतसुद्धा मुलगा काय शिकला हे लोक नंतर विचारतात. आधी विचारतात, ‘मंडईच्या नाटकात काय होता?’ हिरो असला तर ठीक. खलनायक असला तर फारच उत्तम, कारण खलनायकाचं गावात वजन असतं.

असंच वजन असलेले चैतराम गहाणे एका सकाळी शाळेत आले. गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष. उभी हयात खलनायक रंगवल्यामुळे त्यांनी विरजण मागितलं, तरी शेजारीण आधी दाराला कडी लावायची.

“सर, मैदान पाहिजे होतं जी. नाटकाले.”

“मिळणार नाही.”

“दरसाल भेटते ना जी!”

“दरसाल मी नव्हतो. यंदा आहे.”

“पन काऊन?”

“ही शाळा आहे, चैतरामभाऊ. इथं मुलं खरं बोलायला शिकतात. तोंडाला रंग फासून खोटं बोलायला नाही.”

चैतरामभाऊ सवयीनं गडगडाटी हसले. खरं तर ते दुखावले होते. पण दुखावल्यावर कसं दिसायचं, हे त्यांना कोणत्याच नाटकात करावं लागलं नव्हतं. नाटक मग गावाबाहेर, त्यांच्याच कापणी झालेल्या धानाच्या बांधीत ठरलं.

त्याच आठवड्यात शाळेतल्या रीता टेंभरे मॅडम सरांकडे आल्या. नोकरीला नव्या, त्यामुळे अजून उत्साही.

“सर, विज्ञानाच्या धड्याचं छोटंसं नाटक बसवू या का? पोरं बोलायला लागतात. लाजरी असतात त्यांची भीती जाते. ऐन वेळी काही बिनसलं तर सावरायला शिकतात.”

“मॅडम,” सर चष्मा पुसत म्हणाले, “बिनसूच नये, याला शिक्षण म्हणतात.”

इथं सरांच्या घरातल्या खिळ्याविषयी सांगायला हवं. बैठकीच्या भिंतीवर, लग्नाच्या आणि निरोप समारंभाच्या फोटोंच्या मधोमध, सरांनी स्वतःच्या हातानं एक खिळा ठोकला होता. त्यावर काहीही टांगलेलं नव्हतं. तो ‘आदर्श शाळा’ पुरस्कारासाठी राखीव होता! सरांच्या पत्नी कुंदाबाई रोज त्या रिकाम्या खिळ्यावरची धूळ झटकत. सासरमाहेरच्या सगळ्या नातेवाइकांना पुरस्काराची बातमी कळवून झाली होती. आता फक्त तो मिळायचा तेवढा बाकी होता.

आणि शेवटच्या फेरीत शाळेचं नाव आलं! तपासणीचे साहेब येणार, एक तास वर्गात बसून प्रत्यक्ष शिकवणं पाहणार, असा निरोप आला.

सरांनी सातवीचा वर्ग निवडला. धडा निवडला ‘पाण्याचं बाष्पीभवन’. मग दार लावून पूर्वतयारी सुरू झाली. कोणी हात वर करायचा, कोणी जरा उशिरानं करायचा, कोणाला प्रश्न पडायचा, सगळं ठरलं.

“दामिनी, तुला इथं शंका येते.”

“कोणती जी, सर?”

“मी लिहून दिलेली. पण सहज आली असं वाटलं पाहिजे. कपाळावर आठी आण. एवढी नको! शंका आली आहे, पोट नाही दुखत!”

सगळं बिनचूक बसल्यावर सरांच्या लक्षात आलं, की एवढं बिनचूक असलं तर साहेबांना संशय येईल. खऱ्या वर्गात एखादं पोर चुकतंच. म्हणजे एक चूक हवी! आणि ती ऐन वेळी विसरू नये म्हणून ती वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाकडं सोपवायला हवी.

“प्रफुल, मी विचारीन, उन्हाळ्यात तलावाचं पाणी कमी का होतं? तू उठून म्हणायचं, ‘सर, म्हशी पितात.’ मी म्हणीन, ‘छान प्रयत्न, बाळा! पण चुकलं. कोण सांगेल?’ मग दामिनी सांगेल.”

प्रफुलचा चेहरा पडला.

“सर, मले उत्तर येते ना जी!”

“म्हणूनच तुला दिलं.”

“मीच कायले चुकू? आमच्या आज्याच्या आज्यानं तलाव बांधला गावचा. अन् मी म्हशी सांगू?”

“शाळेसाठी चुकायचं, बाळा!”

रोजच्या रोज तालीम झाली. माफ करा, पूर्वतयारी. प्रफुल रोज ‘म्हशी पितात’ असं म्हणे, पण असं, की जणू कोणी त्याच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतंय. सर मात्र आपलं वाक्य दरवेळी आणखी मायेनं म्हणत. ‘छान प्रयत्न, बाळा! पण चुकलं.’ ते त्यांच्या जिभेवर इतकं बसलं, की एकदा जेवताना भाजीत मीठ कमी पडलं तेव्हा त्यांनी कुंदाबाईंना तेच सुनावलं आणि रात्रीचं जेवण स्वतः वाढून घेतलं.

पोरं विसरली तर, म्हणून रीता मॅडमनी कागद घेऊन खिडकीबाहेर बसायचं ठरलं.

“याला नाटकात प्रॉम्प्टर म्हणतात, सर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या.

“याला नियोजन म्हणतात, मॅडम.”

सरांच्या नियोजनात एकच गोष्ट राहिली. साहेबांचा दिवस आणि मंडईचा दिवस एकच निघाला! आणि पोरांनी घरोघरी सांगून ठेवलं होतं, “आमी नाटकात आहो. शाळेत तालीम चालू आहे.” पोरांचं काय चुकलं? संवाद होते, जागा ठरल्या होत्या, प्रॉम्प्टर होता. त्याला दुसरं काय म्हणतात, हे त्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं!

मंडईच्या दुपारी जेवणं आटोपली. गाव पाहुण्यांनी भरलेलं, रात्रीच्या नाटकाला अवकाश, करायला काही नाही. तेवढ्यात बातमी फिरली, की यंदा दुपारीही एक नाटक आहे, आणि तेही संग्रामे सरांनी बसवलेलं! मग काय, लोक पोतं, चादर, लेकरं, पानाची पिशवी घेऊन निघाले आणि शाळेत शिरले.

वर्गात साहेब नुकतेच बसले होते. कटरे साहेब गोंदिया शहरातले, त्यामुळे अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत उतरवायचे. त्यांनी मान वर केली, तर खिडकीत डोकी! दारात डोकी! व्हरांड्यात आज्या मांडी ठोकून बसलेल्या!

“ये सब कौन लोग हैं?”

सर खुर्चीतून उठले. “पा... पालक, साहेब.”

“इतने सारे? शिक्षण पाहायला? वा! संग्रामे सर, असा लोकसहभाग मी कुठंच पाहिला नाही. वर्ग बाहेर घ्या. मैदानात. लोगों को भी दिखने दो!”

फळा बाहेर आला. पोरं बाहेर आली. गाव पसरून बसलं. आणि चैतरामभाऊ पुढं सरसावले.

“माइक आनू का जी? रातच्यासाठी आनूनच ठेवला आहे.”

“नको!” सर म्हणाले.

“हां हां, लाओ,” साहेब म्हणाले.

अशा रीतीनं ज्या मैदानात नाटक होणार नव्हतं, त्या मैदानात कर्णा लागला. चैतरामभाऊंनी माइकवर फुंकर मारली आणि सवयीनं गर्जले, “रसिक मायबापहो! सादर करत आहोत, तलावाचं पानी!”

लोकांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी घाम पुसला. रीता मॅडमना आता खिडकी उरली नव्हती. त्या फळ्यामागं लपल्या. माइक फळ्यालगतच उभा होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सुरुवात बरी झाली. दामिनीला वेळेवर शंका आली. आठीसुद्धा आली. मग सरांनी विचारलं, “सांगा बरं, उन्हाळ्यात तलावाचं पाणी कमी का होतं?”

प्रफुल उठला. समोर पाहतो तर पहिल्या रांगेत त्याची आजी नंदाबाई! शेजारी साकोलीचा मामा, मामी, मामीची बहीण, आणि त्यांच्यामागं अख्खं गाव, ज्याला तो तलाव कोणाच्या पूर्वजांनी बांधला ते ठाऊक होतं. प्रफुलनं छाती भरून श्वास घेतला.

“सर, काही पान्याची वाफ होते, काही जमिनीत जिरते, अन् बाकीचं पाटानं धानाले जाते!”

आणि सर, जणू कळ दाबल्यासारखे, अत्यंत मायेनं म्हणाले, “छान प्रयत्न, बाळा! पण चुकलं.”

पहिल्या रांगेतून नंदाबाई उठल्या.

“काऊन जी सर? काय चुकलं माझ्या नातवाचं?”

“नाही, म्हणजे...”

“वाफ नाही होत? जिरत नाही? मंग कुठी जाते पानी, तुमच्या घरी?”

“बराबर सांगतलन पोरानं!” मागून कोणीतरी ओरडलं. “सरच चुकून राहिले!”

सरांना पुढचं वाक्य आठवेना, कारण पुढचं वाक्य म्हशींनंतरचं होतं! आणि त्याच क्षणी कर्ण्यातून, साऱ्या मंडईला ऐकू जाईल अशी, एक कुजबुज घुमली. “सर! चुकलं नका म्हणू! म्हशी नाही म्हणाला तो! बरोबर आहे ते!”

साहेबांनी आधी कर्ण्याकडं, मग आभाळाकडं पाहिलं. “ये आवाज किसकी है?”

“प्रॉम्प्टरचा जी!” साऱ्या गावानं आनंदानं सांगितलं.

सरांच्या डोळ्यांसमोर तो खिळा उभा राहिला. रिकामा. जन्मभर रिकामा. पाहुणे चहा पिताना विचारणार, ‘सर, इथं काय होतं जी?’

इतक्यात दामिनी उठली. आता ही दामिनी कोण, हे गावाला माहीत होतं, फक्त तिच्या मुख्याध्यापकांना नव्हतं. गेल्या मंडईत ती नायिकेची धाकटी बहीण होती. चैतरामभाऊ भर प्रवेशात संवाद विसरले, तेव्हा हिनंच ‘काका, तुमी मले विहिरीत ढकलनार होते ना?’ अशी आठवण करून देऊन नाटक तारलं होतं.

“सर,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुमी आमची परीक्षा घेऊन राहिले ना? मोठ्या मानसानं खऱ्याले खोटं म्हटलं, तर आमी घाबरतो का ठाम राहतो, हेच पाहाले ना?”

सरांनी तिच्याकडं असं पाहिलं, जसा बुडणारा माणूस ओंडक्याकडं पाहतो.

“अं? हो. हो! तेच!”

“आमी नाही घाबरलो, सर. प्रफुल बरोबर आहे.”

“क्या बात है!” साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मग विचारता काय! शिट्ट्या, टाळ्या, नंदाबाईंकडून नातवाला बक्षीस, ते चैतरामभाऊंनी माइकवरून जाहीर केलेलं! आणि मागून एकच आरोळी उठली, “वन्स मोअर! वन्स मोअर!”

“हो जाए!” साहेब म्हणाले आणि खुर्ची सोडून लोकांच्या पोत्यावर येऊन बसले.

आता सर सावध होते. या खेपेला ‘शाब्बास, अगदी बरोबर!’ म्हणायचं, हे त्यांनी मनात घट्ट घोकलं. त्यांनी प्रश्न विचारला. प्रफुल उठला. पण टाळ्या सगळ्या दामिनीनं नेल्या, हे त्याच्या मनाला लागलं होतं. लोकांना हसवलं पाहिजे, असं त्या पोराला आयुष्यात प्रथमच वाटलं. त्यानं डोळे मिचकावले, तोंड भोळं केलं आणि म्हणाला, “सर, म्हशी पितात!”

“शाब्बास!” सर कडाडले. “अगदी बरोबर!”

साहेबांनी हसता हसता चष्मा काढला, तो नंदाबाईंनी पदरानं पुसून दिला. गाव पोत्यांवर लोळत होतं. त्या रात्री चैतरामभाऊंच्या बांधीत मोठं नाटक झालं, पण पाहुणे सकाळी गावी जाताना बोलत होते ते दुपारच्या नाटकाविषयी.

काही दिवसांनी निकाल आला. ‘आदर्श शाळा’ पुरस्कार दुसऱ्याच गावाला गेला होता. शेरा होता : ‘या शाळेत नेहमीचं शिकवणं पाहता आलं नाही.’ सोबत एक चौकट केलेलं प्रशस्तिपत्र होतं. ‘श्री. शालीकराम संग्रामे, उत्कृष्ट बालनाट्य दिग्दर्शक.’ शिवाय सूचना, की सरांनी जिल्ह्यातल्या शिक्षकांसमोर ‘शालेय शिक्षणात नाटकाचं महत्त्व’ या विषयावर प्रात्यक्षिकासह भाषण द्यावं.

सरांनी प्रशस्तिपत्र कपाटात उलटं ठेवलं. कुंदाबाईंनी ते सुलटं करून खिळ्यावर टांगलं.

“आता किती दिवस झटकू त्या खिळ्यावरची धूळ?” त्या म्हणाल्या.

नाइलाजानं सर रीता मॅडमकडं गेले. भाषण लिहून घेतलं. प्रात्यक्षिकाला दामिनी लगेच तयार झाली. प्रफुलनं मात्र अट घातली.

“येतो जी, सर. पन या खेपेले बरोबर उत्तर माझं. म्हशी तुमच्याकडं!”

हल्ली संध्याकाळी संग्रामे सरांच्या घरावरून गेलात, तर आतून आवाज ऐकू येतो. सर आरशासमोर उभे असतात, डोळे मिचकावतात आणि म्हणतात, “म्हशी पितात.”

आणि स्वयंपाकघरातून कुंदाबाई ओरडतात, “छान प्रयत्न जी! पन चुकलं. तोंड आनखी भोळं करा!”