तळाची मूठ

मी काही लेखिका नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, आणि परीक्षेच्या पेपरापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. त्यामुळे माझ्याहून मोठ्या माणसाबद्दल लिहायला बसले, याची आधीच माफी मागते. पण रिठदला आमच्या शेजारी राहणारे नथ्थूकाका मोबाईलवर मासिकं कशी विकत घेतात, हे कोणीतरी सांगायलाच हवं.

ते घेतच नाहीत.

काकांचा सारा जन्म बाजारात धान्य पारखण्यात गेला. पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळाची मूठ काढायची, सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडायचा, मगच भाव बोलायचा. आता मोबाईलवर मासिकांची नमुन्याची पानं फुकट दिसतात, तर तिथेही तोच कायदा. शेतीचं, आरोग्याचं, एकदा तर नवरीच्या दागिन्यांचंही मासिक त्यांनी पारखलं. पाच पानं झाली की कुलूप येतं आणि खाली 'वर्गणी भरा'. मग काका भडकतात.

"वरचा माल तं सगळेच चांगला ठेवतात, पोरी! तळाचं पान दाखव म्हना त्याले."

तसं त्यांनी एका मासिकाला लिहूनही कळवलं. उत्तर आलं, 'आपल्या आवडीबद्दल आभार.'

"पाह्यलं? माल भिजेल हाये."

माझ्या कॉलेजवर मात्र त्यांची करडी नजर. सकाळी दारात दिसले की हाक येते, "काहून वं, कॉलेजात नाई गेली?" रविवारीसुद्धा.

बायकांच्या एका मासिकाचा नमुना ते दर महिन्याला पाहतात, पण त्याबद्दल बोलत नाहीत. त्यात त्यांची धाकटी बहीण, इंझोरीची कुसुमआत्या, लिहिते. दहावीनंतर काकांनी तिला कॉलेजात जाऊ दिलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती भाऊबीजेला एकदाही आलेली नाही. सगळ्या गल्लीला हे ठाऊक आहे.

यंदा दिवाळीच्या तोंडावर काका आमच्या ओसरीवर येऊन बसले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. पाचव्या पानाच्या शेवटी आत्याचा लेख सुरू होत होता: 'माझ्या दादाने मला कॉलेजात जाऊ दिलं नाही. तरीपण...'

तिथेच कुलूप.

"तीन दिस झाले, इथंच अटकून राह्यलो," काका म्हणाले.

आतून माझी आई म्हणाली, "मंग भरून टाका ना वर्गणी, भाऊजी."

"तळ पाह्यल्याशिवाय?"

"तळाशी तुमीच सापडान!"

एरवी काकांनी उलट टोला दिला असता. त्यांनी अंगठा बटणापाशी नेला, मागे घेतला, सदऱ्याला पुसला, पुन्हा नेला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी न पारखता माल घेतला. कुलूप गेलं. चष्मा डोळ्यावर असूनही म्हणाले, "तू वाच."

मी वाचू लागले.

'...तरीपण वाचायला मला त्यानेच शिकवलं. किराण्याच्या पुड्यांचे कागद तो हाताने सरळ करून माझ्यासाठी उशीखाली ठेवायचा. राग धरून आता मीच थकले. दादा हे काही वाचणार नाही, पारखल्याशिवाय तो कवडीची वस्तू घेत नाही. म्हणून इथे बिनधास्त लिहिते: त्याला न सांगताच यंदा भाऊबीजेला रिठदला जाणार आहे.'