साहेब काही बोलेनात

मुक्ताबाईंच्या घरात प्रेमाला टीव्हीवर मोकळीक होती, उंबऱ्याच्या आत मुळीच नव्हती. पुतणीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हापासून बाईंनी तिच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. पोलिसांच्या मालिकेतले साहेब आणि त्यांच्या हाताखालच्या मॅडम मात्र एकमेकांना कधी एकदाचं लग्नाचं विचारतात, यासाठी त्यांचा जीव तीन वर्षं टांगणीला लागला होता. खून कुणी केला याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं.

त्या रविवारी त्यांच्या अंजूला बघायला पाटोद्याचे पाहुणे आले. स्थळ गहिनीनाथरावांनी आणलेलं. नवऱ्यानं जन्मात एक काम धड केलं म्हणून बाई हरखून गेल्या होत्या. मुलगा नोकरीला आहे, रानात विहीर आहे, सासू कमी बोलते, एवढी चौकशी त्यांनी कसून केली होती. नोकरी नेमक्या कुठल्या ऑफिसात, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

पाहुणे बाहेरच्या खोलीत टेकले. अंजू आतल्या खोलीत साडी नेसत होती. स्वयंपाकघरात बाई पोहे परतत होत्या, जाऊबाई सत्यशीला कोथिंबीर चिरत होत्या, आणि दोघींच्या तोंडी अर्थातच कालचा भाग होता.

"तीन वर्सं झाली गं एका ऑफिसात! एका कपातला चहा दोघं पितेत. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"आन् काल तिला गाडीवर घरी सोडलं की, ताई!"

"सोडलं, आन् दारात काय म्हणला? तर उद्या येळंवर या! अरे मुडद्या, कावून भितो इतका? तिच्या आईला भितो का काय?"

आतल्या खोलीत काहीतरी धपकन पडलं. अर्धवट निऱ्या हातात धरून अंजू दारात आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"काय गं?"

"आमचं काई वंगाळ न्हाई, तुझी शप्पत. चहा एकाच कपात पितो, पण बशी येगळी असती!"

बाईंच्या हातातलं उलथणं कढईत पडलं. सत्यशीलाबाई आ वासून उभ्या राहिल्या. तेवढ्यात "पोहे झाले का?" करत गहिनीनाथराव आत आले, लेकीचं तोंड बघून जागीच थबकले आणि हळूच म्हणाले, "सांगितलंस व्हय?"

"तुमाला ठावं व्हतं?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"दिवाळीपसून. तू प्रेमाच्या लग्नाला हो म्हणाली नसतीस. मंग म्हणलं, स्थळ म्हणून आणावं."

"म्हंजे बाहीर बसलाय त्यो..."

"त्योच. अंगद. हिच्याच पतसंस्थेत साहेब हाय."

"अगं बया!" म्हणून बाई मटकन पिठाच्या डब्यावर बसल्या. नवरा, लेक, पाहुणे, सगळे एका कटात, आणि त्यांना घरच्या घरी पत्ता नव्हता! पोहे करपायला लागले तरी कुणी हलेना.

"ताई, वापस पाठवायचं का पाव्हण्यांला?" सत्यशीलाबाईंनी भीत भीत विचारलं. अंजूच्या डोळ्यांतून पाणी सुटलं.

बाईंनी लेकीकडं बघितलं. मग एकदम विचारलं, "त्यानं तुला इचारलं कवा?"

"न्हाई इचारलं. आईबापालाच घिऊन आला."

"तोंडानं एकदा बी न्हाई?"

"लई लाजतेत ते."

बाई उठल्या. गहिनीनाथराव "अगं, ऐक तर" म्हणत मागं धावले, पण त्या पदर खोचून बाहेरच्या खोलीत पोचल्यासुद्धा. अंगद घाबरून उभा राहिला आणि त्याच्या हातातल्या पेल्यातलं पाणी त्याच्याच पँटवर सांडलं.

"साहेब, आमच्या पोरीला इचारलं का तुमी?"

"न्हाई, आई, म्हणजे मी..."

"आई मागून म्हणा!" मुक्ताबाई कडाडल्या. "आदी तिला इचारा. हितंच, समद्यांसमोर. तीन वर्सं वाट बघायलोत आमी!"