साहेबांची बाही

"एक वेळ वीज दगा देईल, खडू दगा देईल, पण लाळ दगा देणार नाही. अठरा वर्षं हा प्रयोग करतेय, एकदासुद्धा फसला नाही," असं विज्ञानाच्या बाईंनी आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना ठासून सांगितलं.

मुख्याध्यापकांनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा काही खुलला नाही. शाळेतल्या मोडक्या बाकांना जागा नव्हती, आणि शिक्षण कार्यालयाचा दोन वर्षांपासून प्रयोगशाळेच्या खोलीवर डोळा होता. उद्या तपासणीला शिक्षण कार्यालयातले साहेब येणार होते. खोलीचा खरोखर उपयोग होतोय असं त्यांना दिसलं तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर बाक येणार.

बाईंचा बेत साधा होता. बटाट्याचं स्टार्च पाण्यात उकळून त्याचं पातळ, किंचित गढूळ पाणी करायचं. त्यात आयोडीनचे थेंब टाकले की गडद निळा रंग येतो. मग मुलांनी आपापल्या परीक्षानळीत जमवलेली लाळ त्यात घालायची. काही मिनिटांत निळा रंग गायब! लाळेने स्टार्चची साखर केली, हे डोळ्यांनी दिसणार. संध्याकाळी बाईंनी स्वयंपाकघरात बाटलीभर पाणी तयार केलं, ओट्यावर ठेवलं आणि निश्चिंत झोपल्या.

सकाळी सासूबाईंनी बाटली छान कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलेली होती. खुंटीवरचा पांढरा कोट बाईंनी अंगात घातला, तर तो पुठ्ठ्यासारखा कडकडला.

"हे काय हो?"

"साहेब येणार ना? कोट कसा दिसायला हवा! रात्रीच केलाय मी. जा आता, उशीर होतोय."

बाईंना खरंच उशीर होत होता.

साहेब बरोबर अकराला आले. अंगातला शर्ट असा कडक, की काढून जमिनीवर ठेवला असता तर साहेबांशिवायही उभा राहिला असता. "माझ्याकडे अर्धा तास आहे," ते म्हणाले. "इथून थेट फोटोला जायचंय. तीन महिन्यांत निवृत्त होतोय. हा फोटो कार्यालयाच्या भिंतीवर कायमचा लागणार."

चाळीस मुलं चाळीस परीक्षानळ्यांमध्ये लाळ जमवून तयार होती. बाईंनी कागद सोडला, बाटलीतलं पाणी नळीत ओतलं आणि ड्रॉपर उचलला. "आता बघा हं. गडद निळा."

एक थेंब. दोन थेंब. पाच थेंब. नळीत आला तो चहासारखा तांबूस रंग.

"हा निळा का?" साहेबांनी विचारलं.

"येईल, साहेब. थोडं थांबा."

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. तिथे व्हरांड्यात मोडके बाक रचून ठेवलेले होते. बाईंनी घाईघाईने ड्रॉपर पुन्हा भरला आणि त्यातला एक थेंब त्यांच्याच कोटाच्या खिशावर पडला. पडता पडता तो काळानिळा झाला!

बाई त्या डागाकडे बघतच राहिल्या. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओट्यावरची बाटली, पुठ्ठ्यासारखा कोट आणि नळीतलं हे नितळ पाणी! सासूबाईंना वाटलं, सून कपडे कडक करायची खळ करून ठेवून विसरली. ती त्यांनी कोटाला वापरली, आणि रिकामी बाटली बरी दिसत नाही म्हणून विसळून, शाळेत प्यायला नळाचं पाणी भरून दिलं.

"स्टार्च आहे!" बाई म्हणाल्या. "फक्त ते बाटलीत नाही, माझ्या अंगावर आहे."

"म्हणजे तुमच्या कोटावर डाग पडला, एवढंच सिद्ध झालं," साहेब म्हणाले.

हे ऐकल्यावर मात्र बाई पेटल्या. त्यांनी पर्समधून आपला साधा, खळ न लावलेला रुमाल काढला आणि त्यावर थेंब टाकला. डाग पडला, पण तांबूस.

"बघा साहेब, कापूस तोच. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. तेही ग्लुकोजचंच बनतं आणि स्टार्चही ग्लुकोजचंच. मणी तेच, ओवायची तऱ्हा वेगळी! सेल्युलोजची माळ सरळ ताठ उभी राहते, म्हणून झाडाचं खोड उभं राहतं. स्टार्चची माळ स्प्रिंगसारखी गुंडाळी घेते. त्या गुंडाळीत आयोडीन जाऊन बसलं की निळा रंग! आपली लाळ ही गुंडाळी तोडते, पण सेल्युलोजची माळ तिला तुटत नाही."

"नाहीतर भूक लागल्यावर रुमाल खाता आला असता," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"अगदी बरोबर!" बाईंनी आनंदाने हात उंचावला. त्या हातात ड्रॉपर होता.

तीन थेंब साहेबांच्या उजव्या बाहीवर, अगदी मनगटाशी पडले. तिथे तीन काळेनिळे डाग उमटले.

मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

"माझा फोटो," साहेब एवढंच म्हणाले.

"साहेब, तुमच्या शर्टाला खळ आहे," बाई हळूच म्हणाल्या.

"आहे. आमची ही घालते. पुढे?"

"मग हा डाग जाईल. लाळेने."

चाळीस हात एकदम वर गेले. चाळीस परीक्षानळ्या साहेबांच्या दिशेने सरकल्या.

"बाई, माझी घ्या, जास्त आहे!"

"माझी ताजी आहे, साहेब!"

"खबरदार कुणी पुढे आलात तर," साहेब खुर्चीसकट मागे सरकले. त्यांनी बाहीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "कुणाचीही चालते?"

"कुणाचीही."

"मग माझी मीच वापरतो."

आणि तपासणीला आलेले साहेब भर वर्गात स्वतःच्या बाहीवर थुंकले. मग बाईंच्या सांगण्यावरून बोटाने नीट चोळत बसले. मुलं घड्याळ लावून मोजू लागली. दोन मिनिटं झाली, डाग तसाच. तिसऱ्या मिनिटाला साहेब पुन्हा थुंकले. पाचव्या मिनिटाला कडा फिकट झाल्या. "जातोय, जातोय!" असं जे सगळ्यांत मोठ्याने ओरडलं, ते साहेबच होते. आठव्या मिनिटाला निळ्याचा मागमूस राहिला नाही. उरलेला पिवळसरपणा नळाखाली धुतला गेला. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला आणि मुख्याध्यापकांनी डोळे उघडले.

ओल्या बाहीनेच साहेबांनी तपासणीच्या वहीत शेरा लिहिला आणि ते फोटोला पळाले. बाईंनी लगेच वही उघडली. "प्रयोगशाळा उत्तम चालते. ही खोली दुसऱ्या कामासाठी घेऊ नये." बाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं, मग पान उलटलं. मागे आणखी एक ओळ होती.

"मात्र मुलांना चांगल्या सवयी लागाव्यात म्हणून प्रयोगशाळेत 'येथे थुंकू नये' असा ठळक फलक ताबडतोब लावावा."

फलक दुसऱ्याच दिवशी लागला. तेव्हापासून लाळेचा प्रयोग व्हरांड्यात होतो, मोडक्या बाकांवर बसून.